न्यूजग्रुपच्या पोस्टसाठी मेसेज-आयडी कसा तयार करावा

युजनेट म्हणजे न्यूजग्रुप नावाच्या चर्चागटांचं जाळं; त्यातले सर्व्हर एकमेकांना लेख पुढे देतात. त्यामुळे एकच लेख वेगवेगळ्या वाटांनी त्याच सर्व्हरपर्यंत येतो. सर्व्हर आधी फक्त मेसेज-आयडी, म्हणजे लेखाची ओळखखूण, बघतो आणि ती त्याच्या हिस्टरीत (आधी आलेल्या लेखांच्या नोंदीत) असली की लेख न घेताच परत लावतो. म्हणून दोन लेखांना चुकून एकच आयडी लागला, तर दुसरा काही सर्व्हरवर पोचतच नाही. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लेख पाठवणारं सॉफ्टवेअर तुम्ही लिहीत असाल, तर आयडी असा बनवा.

१. साचा. कोनी कंसात डावा भाग, मग ॲट-चिन्ह, मग उजवा भाग. मधे कुठेही स्पेस नको. कंस धरून लांबी २५० बाइटच्या आत हवी. लहान-मोठी अक्षरं वेगळी मानली जातात, तेव्हा आयडी साठवताना अक्षरं बदलू नका.

२. उजवा भाग. इथे स्वतःच्या ताब्यातलं डोमेन द्या. ‘लोकलहोस्ट’ अजिबात नको, ते हजारो मशीनवर सारखंच असतं. डोमेन नसेल तर वापरकर्त्याला सेटिंगमध्ये विचारा. मशीनचं नाव परस्पर उचलू नका, ते कायमचं जगजाहीर होतं.

३. डावा भाग. खरं काम इथे आहे. नुसती वेळ पुरत नाही: घड्याळ मागे सरकतं, एकाच मिलिसेकंदात दोन प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) चालतात. प्रोसेस क्रमांक जोडला तरी भागत नाही, कारण तेच क्रमांक पुन्हा वापरात येतात. मॅट कर्टिन आणि जेमी झविन्स्की यांनी मेसेज-आयडीविषयीच्या १९९८ च्या मसुद्यात सुचवलेली रीत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. वेळ घ्या, ६४ बिटांची रँडम संख्या घ्या, दोन्ही ३६ च्या पायात लिहा, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते झेड, आणि मधे टिंब द्या. मिलिसेकंदातली आजची वेळ आठ अक्षरांत बसते, रँडम संख्या जास्तीत जास्त तेरा. रँडम संख्या ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच मागा. वेळेचं बीज (सुरुवातीचा आकडा) घालून स्वतः काढलीत, तर त्याच क्षणी सुरू झालेल्या दोन प्रोसेसना तीच संख्या मिळेल.

पायथॉनमध्ये ‘मेक एमएसजीआयडी’ हे फंक्शन तयारच आहे. त्याला डोमेन मात्र आठवणीने द्या, नाहीतर ते मशीनचं नाव घेतं.

४. एकदाच बनवा. बहुतेक गोंधळ इथे होतो. ‘पाठवा’ दाबताच आयडी काढा, लेखासोबत डिस्कवर लिहा आणि मगच सर्व्हरशी बोला. लेख गेला, पण सर्व्हरचं २४० (‘लेख मिळाला’) हे उत्तर येण्याआधी नेट तुटलं, तर पुन्हा पाठवताना तोच आयडी वापरा. पहिली प्रत पोचली असेल तर सर्व्हर दुसरी नाकारेल. नवा आयडी काढलात तर तोच लेख ग्रुपमध्ये दोनदा दिसेल. आयडी सर्व्हरवर सोडला तर ही सोय हातची जाते, म्हणून तो आपल्याच सॉफ्टवेअरने बनवावा. मजकूर बदलून नवी आवृत्ती टाकायची असेल, तेव्हा मात्र नवा आयडी हवाच. जुना आयडी ‘सुपरसीड्स’ या हेडरमध्ये, म्हणजे लेखाच्या वरच्या माहितीच्या ओळीत, जातो; हा लेख जुन्याच्या जागी आहे असं ती सांगते.

५. तपासा. चार प्रोसेस एकदम सुरू करून प्रत्येकीकडून लाखभर आयडी काढा, एका फाइलीत क्रमाने लावा आणि दुहेरी ओळी शोधा. मग घड्याळ तासभर मागे घेऊन, आधीची फाइल न पुसता, हीच चाचणी पुन्हा करा.