आतड्याच्या कर्करोगाच्या भीतीने ताट बदलताय? या चुका टाळा

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या लहानशा कोंबापासून सुरू होतो आणि त्या कोंबाचे रूपांतर कर्करोगात व्हायला साधारणपणे दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. आहाराचा संबंध आहे तो या लांबलचक काळाशी. एखाद्या लग्नाच्या पंगतीने धोका चढत नाही आणि श्रावण पाळल्याने तो उतरतही नाही. वर्षानुवर्षे रोजच्या ताटात काय पडते, त्याने तो थोडा वर किंवा थोडा खाली सरकतो. हे लक्षात न घेता घाबरून केलेले बदल बहुतेक वेळा नको त्या जागी केले जातात.

सॉसेज चालू, रविवारचे मटण बंद

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात टाकले आणि लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. तंबाखूही त्याच पहिल्या गटात असल्यामुळे सॉसेज आणि सिगारेट यांची बरोबरी करणाऱ्या बातम्या फिरू लागल्या. वास्तविक हा गट पुरावा किती पक्का आहे यावरून ठरतो, धोका किती मोठा आहे यावरून नव्हे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्याने धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे त्या संस्थेने सांगितले. पण हे १८ टक्के मूळ धोक्याचे आहेत. समजा, एखाद्या समाजात १०० पैकी ५ जणांना आयुष्यभरात हा आजार होत असेल, तर सगळ्यांनीच रोज एवढे मांस खाल्ल्यावर त्या ५ चे २३ होत नाहीत, सहाच्या आसपास होतात.

लाल मांसात मटण, गोमांस, म्हशीचे मांस आणि डुकराचे मांस येते. कोंबडी आणि मासळी येत नाही. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेचा सल्ला असा आहे की शिजवलेले लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. एका रविवारी आमच्याकडे पाच माणसांसाठी आणलेले किलोभर मटण शिजल्यावर मी हाडे बाजूला काढून काट्यावर तोलून पाहिले, तेव्हा माणशी शंभर ग्रॅमसुद्धा भरले नाही. रश्श्याच्या वाटीत दिसते त्याहून मांस फारच कमी असते. तेव्हा आठवड्यातून एकदाचे मटण सोडून मुलांच्या डब्यात रोज चिकन सॉसेज किंवा सलामी देणाऱ्या घराने नेमके उलटे केलेले असते, कारण तिथे प्रश्न कोंबडीचा नसून मांस टिकवण्यासाठी केलेल्या खारवणीचा, नायट्राइटचा आणि धुरीचा असतो. गोव्यात घरीच मीठ-मसाला भरून, वाळवून केलेले चोरीसही याच वर्गात मोडतात, मग ते आजीने केलेले का असेनात.

चोथा डब्यातून घेणे

मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक ही आहे. तंतुमय पदार्थ, म्हणजेच चोथा, चांगले असे ऐकले की माणूस किराणा दुकानाऐवजी औषधांच्या दुकानात जातो, रात्री इसबगोलाचा एक चमचा घेतो आणि बाकीचे ताट होते तसेच ठेवतो.

चोथ्याकडे जगाचे लक्ष वेधले ते युगांडात अनेक वर्षे काम केलेल्या डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत हा कर्करोग क्वचितच आढळतो, असे दाखवून १९७१ मध्ये त्यांनी त्याचे श्रेय तिथल्या चोथ्याने भरलेल्या आहाराला दिले. ती माणसे दिवसभर चालत, अंगमेहनत करत, अंगाने सडपातळ असत, मांस बेताचेच खात. तरीही सगळे पुण्य एकट्या चोथ्याच्या खात्यावर जमा झाले. पुढे चोथा वेगळा काढून देऊन पाहिला गेला, तेव्हा निकाल निराशाजनक लागले. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, पूर्वी पॉलिप काढलेल्या लोकांना तीन वर्षे रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल दिले असता त्यांच्यात पॉलिप पुन्हा उगवण्याचे प्रमाण कमी न होता उलट वाढलेले दिसले. त्याच वर्षी आलेल्या एका अमेरिकी चाचणीत गव्हाच्या कोंड्याने काहीच फरक पडला नाही. बद्धकोष्ठासाठी घेतलेले इसबगोल टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. त्या कामाला ते ठीकच आहे. कर्करोगापासून संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नये, एवढाच त्याचा अर्थ.

संपूर्ण धान्य मात्र वेगळे ठरते. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाच्या २०१८ च्या अहवालात संपूर्ण धान्ये आणि अन्नातील तंतुमय पदार्थ धोका ‘बहुधा कमी करतात’ असे नोंदवले आहे. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन तेच. शिवाय मळाचे आकारमान वाढून तो लवकर पुढे सरकतो आणि नकोशा द्रव्यांचा अस्तराशी संपर्क कमी होतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरी, नाचणी आणि कणकेत त्याहून थोडा अधिक, तर मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाकाठी निदान २५ ग्रॅम हवा. हे हिशेब मांडले की चाळणीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, कारण पोळ्या मऊ आणि पांढऱ्या व्हाव्यात म्हणून बारीक चाळणीने कणीक चाळून मागे उरलेला कोंडा गायीला घालायचा आणि रात्री विकतचा कोंडा पाण्यातून प्यायचा, असा कारभार कितीतरी घरांत चालू असतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही जण एका सोमवारी भात बंद करून तिन्ही त्रिकाळ भाकरी, मटकीची उसळ आणि राजमा सुरू करतात. तीन दिवसांत पोट डब्ब होते, गॅस धरतो, आणि ‘आम्हाला हे मानवत नाही’ म्हणून आठवड्यात सगळे पूर्ववत होते. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले दोन आठवडे फक्त एका जेवणात पोळीऐवजी भाकरी घ्यावी, नंतर उसळीची वाटी वाढवावी, कडधान्य भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि पाणी पिण्यात कुचराई करू नये.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसली भीती’

सकाळी खारी-टोस्ट, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी पाव आणि वाढलेले पोट, असा शाकाहार फारसे संरक्षण देत नाही. लठ्ठपणा आणि मद्य या दोन्हींचा या कर्करोगाशी असलेला संबंध पक्का मानला जातो. मद्याचा धोका दिवसाला सुमारे ३० ग्रॅम अल्कोहोलच्या वर स्पष्ट दिसतो. तीस मिलीलीटरच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असते आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ४० च्या आसपास. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

कर्करोगाच्या धास्तीने दूध सोडणे हीसुद्धा चूकच. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून अधिक स्त्रियांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम, म्हणजे मोठा पेलाभर दूध घेणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळला.

लक्षणांवर पथ्याचा उपाय

या यादीतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शौचावाटे रक्त गेले की ते मूळव्याधीचे समजून तिखट बंद करणे, ताक आणि सुरण चालू करणे आणि दोन-तीन महिने वाट पाहणे. मूळव्याधीचे रक्त अधूनमधून आपोआप थांबते, पण कर्करोगाच्या गाठीचेही थांबते. त्यामुळे पथ्य लागू पडल्याचा भास होतो. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारणाशिवाय घटलेले वजन, पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाच्या कमतरतेने आलेला पंडुरोग, यांपैकी काहीही असेल तर आहारतज्ज्ञाकडे नव्हे, पोटविकारतज्ज्ञाकडे किंवा शल्यविशारदाकडे जावे. आपल्याकडच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही; म्हणजे बोलावणे येणार नाही, आपणच जायचे आहे. घरात आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, कोणत्या वयात करावी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोलोनोस्कोपी ठरली की मात्र वर सांगितलेले सगळे काही दिवस उलटे करायचे असते. भाकरी, उसळी, पालेभाज्या, सब्जा आणि बियांची फळे बंद ठेवून मऊ पांढरा भात आणि चोथ्याशिवायचे अन्न घ्यावे लागते, आदल्या दिवशी तर फक्त गाळलेले पातळ पदार्थ, कारण आतड्याच्या भिंतीला एखादी बी किंवा पाल्याचा तुकडा चिकटून राहिला, तर त्यामागचा लहान पॉलिप तपासणाऱ्याला दिसत नाही.