आदित्य-एल१च्या डेटातून सौरज्वाला कशी शोधायची आणि मोजायची

आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं यान ६ जानेवारी २०२४ रोजी एल-१ बिंदूभोवतीच्या (पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या रेषेवरचा, यान थोड्या इंधनात टिकून राहू शकणारा बिंदू) कक्षेत पोहोचलं. त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी इस्रोने त्याचा विज्ञान-डेटा सर्वांसाठी खुला केला. हा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर मिळतो, फुकट मिळतो, आणि तो वापरायला संशोधक असावं लागत नाही. बीएस्सीच्या विद्यार्थ्याला, हौशी आकाशनिरीक्षकाला, खगोल मंडळातल्या चार जणांच्या गटालाही एका रविवारी एक सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका, पूर्ण मोजता येते. बहुतेक जण अडतात ते वेळ, डिटेक्टर आणि पार्श्वभूमी या तीन ठिकाणी. म्हणून खाली त्या तिन्हींवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

सुरुवात सोलेक्स या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणापासून करा. यानावर सात उपकरणं आहेत आणि पुण्याच्या आयुका या खगोल-संशोधन संस्थेने घडवलेल्या 'सूट' दुर्बिणीच्या अतिनील प्रतिमांचा मोह मराठी माणसाला आधी होणार, हे साहजिक आहे. पण प्रतिमा हाताळणं किचकट आहे. सोलेक्स सूर्याचं चित्र काढत नाही. संपूर्ण सूर्याकडून येणारे २ ते २२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे क्ष-किरण ते दर सेकंदाला मोजतं. म्हणजे सुरुवातीला हातात येतात दोनच गोष्टी, वेळ आणि मोजणी. ज्वाला ओळखायला तेवढ्या पुरतात.

पहिल्या खेपेला उत्तर आधीच माहीत असलेली ज्वाला घ्या. १४ मे २०२४ ची एक्स-८.७ वर्गाची ज्वाला त्यासाठी उत्तम (एक्स हा सर्वांत मोठ्या ज्वालांचा वर्ग; वर्ग कसे ठरतात ते पुढे येईल). सूर्याचे क्ष-किरण सतत मोजणाऱ्या अमेरिकेच्या गोज उपग्रहांच्या नोंदीनुसार तिचं शिखर १६:५१ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) आलं, म्हणजे आपल्याकडे रात्री १०:२१. आकाराने एवढी मोठी की चुकूनही नजरेतून सुटणार नाही.

प्रदानवर ईमेल देऊन खातं उघडा, आदित्य-एल१ निवडा, त्यात सोलेक्स निवडा आणि ती तारीख टाका. उतरवलेली झिप फाईल उघडली की दोन डिटेक्टरांचा डेटा वेगवेगळा दिसेल. प्रत्येकाची एक प्रकाशवक्राची (वेळेनुसार मोजणी) फाईल, एक वर्णपटाची (ऊर्जेनुसार मोजणी) आणि एक 'चांगल्या वेळां'ची (डेटा भरवशाचा असलेल्या वेळांची). सगळ्या फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या स्वरूपात असतात. एक्सेल त्या थेट उघडत नाही. पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग येत असेल तर त्यातली अ‍ॅस्ट्रोपाय ही लायब्ररी घ्या. येत नसेल तर टॉपकॅट नावाचा मोफत प्रोग्रॅम फिट्सचा तक्ता उघडतो, आलेख काढतो आणि हवा तर साध्या सीएसव्हीत बदलूनही देतो.

आता वेळ. हेडर (फाईलच्या सुरुवातीची माहिती) वाचल्याशिवाय आलेख काढू नका. वेळेच्या रकान्यातले सेकंद कोणत्या क्षणापासून मोजले आहेत, हे तिथेच कळतं. १९७० च्या आरंभापासून मोजले असतील तर आपल्या शिखराचा आकडा १,७१५,७०५,४६० च्या आसपास, म्हणजे १७१ कोटींच्या घरात दिसला पाहिजे. फाईल त्या दिवसाच्या ०० वाजता सुरू होत असेल आणि दर सेकंदाला एक ओळ असेल, तर शिखर साधारण ६०,६६० व्या ओळीजवळ सापडेल. आलेखावर शिखर १६:५१ ला दिसलं नाही तर बहुधा तुमच्या प्रोग्रॅमने आपणहून वेळ भारतीय प्रमाणवेळेत बदलली आहे. मग ज्वाला साडेपाच तास सरकलेली दिसते. सगळा हिशेब यूटीसीत ठेवा, शेवटी वाटलं तर साडेपाच तास मिळवा. तारखेचा घोळही इथेच होतो. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स-६.३ ज्वाला (जिचा गाभा 'सूट'ने अतिनील प्रकाशात टिपला) २२:३४ यूटीसीला शिखरावर होती. आपल्या घड्याळात तेव्हा २३ फेब्रुवारीची पहाट, ४:०४. तुम्ही २३ तारखेची फाईल उतरवलीत तर त्यात ती नसणार.

आदित्य आपल्यापेक्षा सूर्याच्या १५ लाख किलोमीटर जवळ आहे, त्यामुळे त्याला ज्वाला पृथ्वीजवळच्या गोजपेक्षा पाच सेकंद आधी दिसते. गोजच्या एक-मिनिटाच्या सरासरीशी तुलना करताना याने फरक पडत नाही. सेकंदा-सेकंदाची तुलना करणार असाल तर मात्र हे पाच सेकंद धरा.

दुसरी अडचण डिटेक्टरची. सोलेक्समध्ये दोन आहेत. पहिल्याचं तोंड ७.१ चौरस मिलिमीटरचं, दुसऱ्याचं फक्त ०.१. जवळजवळ सत्तरपट फरक! शांत सूर्याचे मोजके फोटॉन गोळा करायला मोठं तोंड हवं, आणि ज्वालेच्या भडिमारात टिकायला लहान. नवखा माणूस 'जास्त मोजणी म्हणजे चांगला डेटा' असं समजून पहिला डिटेक्टर उचलतो आणि फसतो. फोटॉन फार वेगाने यायला लागले की डिटेक्टरला दोन वेगळे फोटॉन वेगळे कळत नाहीत; दोघांची ऊर्जा एकत्र करून तो एकच मोजतो. परिणाम असा की आलेखाचा माथा सपाट होतो, कधी तर मधोमध खचतो, आणि वर्णपटात नसलेली ऊर्जा उगवते. एक्स वर्गासाठी दुसराच डिटेक्टर घ्या. दोन्हींचे आलेख एकावर एक काढून पाहा. दुसऱ्यात टोकदार शिखर आणि पहिल्यात बोडका माथा एकदा डोळ्यांनी पाहिला की ही चूक पुन्हा होत नाही.

मग आलेख. उभा अक्ष लॉग स्केलवर घ्या, नाहीतर एक मोठी ज्वाला दिवसभरातल्या बाकीच्या सगळ्या ज्वाला तळाशी चिरडून टाकते. एका सेकंदाच्या मोजणीत शंभर फोटॉन असतील तर अनिश्चितता वर्गमुळाइतकी, म्हणजे दहा. हे झालं दहा टक्के. म्हणून ज्वालेआधीच्या शांत भागात दहा-दहा सेकंद किंवा मिनिटभराची बेरीज करा. चढाच्या भागात करू नका, तिथे सेकंदांना किंमत आहे. 'चांगल्या वेळां'च्या फाईलबाहेरचे सेकंद वगळा आणि रिकाम्या जागी शून्य भरू नका. शून्य भरलं की खोटा चढ तयार होतो आणि तोच ज्वाला म्हणून नोंदला जातो.

चढ झपाट्याचा आणि उतार लांबट, असा आकार दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंनी सारखा, सेकंद-दोन सेकंदांचा काटा दिसला तर ती ज्वाला नव्हे, बहुधा एखादा वैश्विक किरण किंवा उपकरणातला गोंधळ.

सुरुवात आणि शेवट डोळ्यांनी ठरवू नका. गोजचा नियम वापरा: एका मिनिटाच्या सरासरीत सलग चार आकडे चढते असतील आणि चौथा पहिल्याच्या १.४ पटीहून जास्त असेल, तर पहिलं मिनिट ही सुरुवात. शिखर आणि ज्वालेआधीची पातळी यांच्या बरोबर मध्यावर मोजणी उतरली की तो शेवट. यासाठी ज्वालेआधीची पातळी नीट ठरवावी लागते, आणि तीच तिसरी अडचण. चढाच्या आधीची दहा-पंधरा शांत मिनिटं निवडा, त्यांची सरासरी काढा, ती सगळीकडून वजा करा. मे २०२४ मध्ये सूर्य इतका खवळलेला होता की आधीच्या ज्वालेचा उतार संपायच्या आत पुढची सुरू व्हायची. अशा वेळी उतारावर रेषा बसवून ती पुढे वाढवा आणि तीच पार्श्वभूमी धरा.

मोजणीवरून वर्ग थेट सांगता येत नाही. ए, बी, सी, एम, एक्स हे वर्ग गोजच्या १ ते ८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या पट्ट्यातल्या प्रवाहावर ठरतात; एक्स-१ म्हणजे दर चौरस मीटरला १०⁻⁴ वॅट. वीसेक ज्वाला घ्या, प्रत्येकीची पार्श्वभूमी वजा केलेली सोलेक्स-मोजणी एका अक्षावर आणि गोजचा प्रवाह दुसऱ्यावर मांडा, दोन्ही लॉगमध्ये. एक सरळशी रेषा मिळेल आणि पुढच्या ज्वालेचा वर्ग तुम्ही स्वतः सांगू शकाल. बिंदू रेषेवर तंतोतंत बसणार नाहीत, कारण गोजचा पट्टा साधारण १.५ ते १२.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे आणि सोलेक्सचा वेगळा. जास्त तापलेली ज्वाला सोलेक्सला थोडी अधिक ठळक दिसते.

वर्णपटाच्या फाईलमध्ये ज्वालेआधीचा आणि शिखराजवळचा वर्णपट शेजारी ठेवा. ६.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक उंचवटा उगवलेला दिसेल. तो लोखंडाचा आहे, कोट्यवधी अंशांना तापून जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचा. तापमानाचा आकडा हवा असेल तर उपकरणाच्या प्रतिसाद-फाईली (कोणती ऊर्जा उपकरण कशी नोंदवतं ते सांगणाऱ्या) आणि एक्सस्पेक हा वर्णपट तपासायचा प्रोग्रॅम लागेल. ते काम दुसऱ्या रविवारचं.

आता यानावरच्या हेलिओस या दुसऱ्या क्ष-किरण उपकरणाचा डेटा त्याच दिवसाचा उतरवा. ते १५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण पाहतं. सोलेक्सच्या वक्राचा कल, म्हणजे दर सेकंदाची वाढ, काढून हेलिओसच्या वक्रावर ठेवा. अनेक ज्वालांमध्ये दोन्ही जुळतात: वेगवान इलेक्ट्रॉन खाली आदळताना कठीण किरण देतात आणि त्यांनी तापवलेला वायू मागाहून मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, किरणांत उजळत जातो. कारण आणि परिणाम एकाच कागदावर.

शेवटचा एक घोटाळा टाळा. ज्वालेचा वर्ग मोठा म्हणून पृथ्वीवरचं चुंबकीय वादळही मोठं, असं लिहू नका. एक्स-८.७ ज्वाला सूर्यबिंबाच्या पश्चिम कडेजवळ झाली आणि तिचा रोख पृथ्वीकडे नव्हता. १० मे २०२४ चं महावादळ आणणारे, सूर्यातून वायू बाहेर फेकणारे उद्रेक त्याआधीच्या दोन-तीन दिवसांतले होते आणि त्यांच्या ज्वाला हिच्याहून कितीतरी लहान होत्या. ते वादळ शोधायचं तर सोलेक्स बंद करा आणि यानावरच्या चुंबकमापकाची १० मेची फाईल उघडा.