द्राक्षात पहिल्यांदा जीए (जिबरेलिक अॅसिड) वापरताय? आधी बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) तपासा

थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या वाणांच्या मण्यात बी नाही, त्यामुळे बियांतून मिळणारं जिबरेलिन हे वाढीचं संजीवकही तोकडं पडतं. तेच आपण जीएच्या रूपात वरून देतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी झाला की १० पीपीएमची फवारणी, चार-पाच दिवसांनी १५ची. याने पाकळ्या (घडाच्या उपशाखा) लांबतात, घड मोकळा होतो. मणी ३-४ मिमी झाला की ४० पीपीएमचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), ६-७ मिमीला ३०. दिवस मोजत बसू नका, मणी मोजा. व्हॉट्सअॅपवर तारखांचं शेड्यूल टाकणाऱ्या सल्लागाराने तुमची बाग पाहिलेली नसते.

१० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध जीए. पावडर ९० टक्क्यांची असेल तर १.११ ग्रॅम. डिजिटल काट्यावरच तोला, झाकणाने मापू नका.

नवा माणूस फसतो तो पाण्यात. बोअरचं पाणी बहुधा विम्लधर्मी, सामू ८च्या आसपास. अशा पाण्यात जीए नीट काम करत नाही. घड लांबत नाही, मग "पावडरच डुप्लिकेट" म्हणून पुढच्या वेळी डोस दुप्पट होतो, आणि नेमकं त्याच वेळी पाणी शेततळ्याचं, कमी सामूचं असतं. देठ जाड, कडक होतात, पाकळ्या वाकड्या होतात. तो घड परत सरळ होत नाही.

म्हणून क्रम पाळा. आधी टाकी भरा. एक लिटर पाण्यात सायट्रिक अॅसिड चिमूट-चिमूट टाकत मीटर ५.५ ते ६.५वर आणा, किती लागलं ते तोलून टाकीचा हिशोब करा. शेजाऱ्याचा आकडा घेऊ नका, त्याच्या बोअरचं पाणी वेगळं. जीए त्यानंतर. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, गुठळ्या तरंगतात. थोड्या अॅसिटोनमध्ये पूर्ण विरघळवून मगच ओता, बिडी-काडी लांब ठेवून. द्रावण त्याच दिवशी संपवा. बोर्डो मिश्रण सोबत नको, त्यात चुनाच असतो.

एवढं सांभाळलंत तर घाबरण्यासारखं काही नाही, एक-दोन पीपीएम इकडे-तिकडे झाल्याने बाग जात नाही.

सीपीपीयू या मणी फुगवणाऱ्या दुसऱ्या संजीवकाचं मात्र तसं नाही. ०.१ टक्क्याचं असेल तर लिटरला १ मिली म्हणजे १ पीपीएम. डिपिंगला २च्या वर गेलात तर मणी फुगतो, पण साल जाड होते, गोडी उशिरा भरते, माल हिरवाच राहतो. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणाला रंगही धड येत नाही. काडीवर १५-१६ पानं नसतील तर ते वापरूच नका. फुगवलेल्या मण्यात साखर भरायला पानंच लागतात.