रिम वाकलाय? आधी आतली कड बघा
सोलापुरात विजापूर रोड म्हणा नाहीतर अक्कलकोट रोड, एखादा खड्डा जोरात बसला आणि नंतर 80च्या पुढं स्टेअरिंग थरथरायला लागलं की लोक डायरेक्ट बॅलन्सिंग करून मोकळे होतात. पण रिमच वाकलेला असेल तर बॅलन्सिंगची कितीबी वजनं चिकटवा, काही उपयोग नाही. चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरताना टायर सोडून रिमची कड डुगडुगते का ते बघा, आणि बाहेरून चकाचक दिसला म्हणून फसू नका, वाकतो तो बहुतेक आतल्या बाजूनं, गाडीखालच्या. हवा हळूहळू उतरत असेल तर कडेला साबणाचं पाणी मारा, बुडबुडे कुठं येतात ते लगेच कळतं.

लोखंडी रिम असेल तर टेन्शन नाही, प्रेसवर सरळ होतो, ठोकूनपण बऱ्यापैकी जागेवर येतो. अलॉयचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमचं, मात्र तसं नाही हां, त्याला हातोडा लागला की चीर जायची भीती, आणि गॅसच्या बत्तीनं जोरात तापवून देणारा कुणी भेटला तर चाक उचलायचं आणि निघायचं, कारण जास्त तापलं की अलॉयची ताकदच जाते, वरून पेंट मारला की कळतपण नाही. हायड्रॉलिक प्रेस आणि डायल गेज (रिम किती वाकडा फिरतो ते काट्यानं दाखवणारं मीटर) आहे का विचारा, काम झाल्यावर रिम फिरवून काटा किती हलतो ते स्वतः बघा, साधारण 1 मिलिमीटरच्या आत पाहिजे. आऱ्याला किंवा नटाच्या भोकाजवळ चीर असेल तर वेल्डिंगच्या नादी लागूच नका, सरळ नवा घ्या.