‘मिसिर्लू’ची धून हातात कशी बसवायची

‘एजंट ऑरेंज’ या पंक रॉक बँडचा पहिला अल्बम, ‘लिव्हिंग इन डार्कनेस’, 1981 चा. आठच गाणी आणि वाजवणारे तिघंच: गिटार आणि गाण्याला माइक पाम, बासवर जेम्स लेव्हेस्क, ड्रमवर स्कॉट मिलर. त्या आठांत एक बिनशब्दांची धून आहे, ‘मिसिर्लू’. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना स्केट पंक, म्हणजे स्केटबोर्डवाल्या पोरांचं वेगवान पंक रॉक, वाजवायचं असलं की मी सुरुवात इथूनच करून घेतो. पॉवर कॉर्ड (दोन सुरांचे सोपे, दणकट कॉर्ड) पंधरा दिवसांत जमतात. उजवा हात तयार व्हायला महिने लागतात, आणि या संगीताचा सगळा जीव उजव्या हातात आहे.

आधी गिटार बाजूला ठेवा आणि ऐका. सर्फ संगीत, म्हणजे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या सर्फरांचं गिटारसंगीत, वाजवणाऱ्या डिक डेलचं 1962 चं ‘मिसिर्लू’, आणि लगेच मागोमाग या तिघांचं. डेलच्या मागे ट्रम्पेट आहे, पियानो आहे. इथे त्यातलं काहीच नाही, त्यामुळे गिटार जराही सैल पडली की पोकळी ऐकू येते. डेल बाल्बोआच्या रँदेव्हू बॉलरूममध्ये वाजवायचा, त्याची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीचा कारखाना तेव्हा फुलर्टनला होता, आणि ‘एजंट ऑरेंज’ फुलर्टनला लागूनच असलेल्या प्लसेन्शियातली. सगळं कॅलिफोर्नियातल्या एकाच ऑरेंज काउंटीत. लाटा नसल्या की सर्फर चाकांच्या फळीवर उभे राहायचे, त्यातूनच स्केटिंग वाढलं. म्हणून स्केट करणाऱ्या पोरांनी सर्फची धून वाजवणं म्हणजे आजोळी जाऊन येणं आहे.

आता सूर. मी लहानपणी पेटी शिकलो, त्यामुळे ही धून पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा अंगावर काटा आला होता: हे तर भैरवाचे स्वर! रे आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. राग भैरव नव्हे हं, फक्त थाट तो. रे-धवर आंदोलन घेऊ नका, सूर सरळ लावा. मूळ धून पूर्व भूमध्य समुद्राकडची, आणि लेबनानी वंशाच्या डेलने ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ऊद या अरबी तंतुवाद्यावर ऐकलेली होती.

सगळं एकट्या जाड्या सहाव्या तारेवर बसवा. सुटी तार हा सा. पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर) कोमल रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, आठव्यावर कोमल ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर वरचा सा. आधी तोंडाने म्हणा, मग बोटांनी. सा रे ग ही पहिली चढण म्हणजे धुनेचं दार आहे. रे वरून ग वर जाताना हाताला तीन फ्रेटची उडी पडते. तिथे पहिल्या बोटावरून थेट करंगळीवर जा, बोट ओढत नेऊ नका.

उजवा हात. सतारीवर जसे दा-रा दा-रा बोल वाजतात तसंच इथे खाली-वर, खाली-वर, एकही आघात न गाळता. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) 60 वर लावा, एका ठोक्यात चार आघात. सगळे सारख्या वजनाचे झाले की पाचाने वाढवा, त्याआधी नाही. जोर मनगटातून येऊ द्या. मी घाई करून कोपर आवळून वाजवत राहिलो आणि तीन आठवडे हात धरून बसलो होतो, म्हणून हे कळकळीने सांगतोय. पिकचं (तार छेडायच्या चकतीचं) टोक तारेखाली जेमतेम दोन मिलिमीटर जाऊ द्या, आणि पिक किंचित तिरपं धरा. दहा मिनिटांनी त्याची कड खरबरीत झालेली दिसेल आणि ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) पांढरी भुकटी सांडलेली असेल. ती दिसली की समजा, हात खरंच चालला. तारा बारीक असतील तर बदलाच. मी 11 चा सेट (सर्वांत बारीक तार 0.011 इंच जाडीची) लावतो. बारीक तार या माऱ्याखाली लोंबते आणि बेसूर होते.

आवाजासाठी स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगमधून येणारा घुमारा, हवा. अँप्लिफायरमध्ये नसेल तर पेडल चालेल. सर्फमध्ये रिव्हर्ब भरपूर आणि आवाज स्वच्छ, पंकमध्ये डिस्टॉर्शन (फाटलेला, खरखरीत आवाज). दोन्ही पूर्ण उघडलं की नुसता चिखल होतो. डिस्टॉर्शन निम्म्यावर ठेवा आणि तार तळहाताने दाबू नका. सूर मोकळा राहिला पाहिजे.

शेवटी ड्रमर. त्याला आधी सर्फचा ठेका धरायला सांगा: धुम टक-टक धुम टक, म्हणजे दुसऱ्या मात्रेवर स्नेअर (‘टक’ वाजणारा ड्रम) दोनदा. तो मुरला की त्याच लयीत दुप्पट, धुम-टक धुम-टक धुम-टक धुम-टक. तुमच्या हाताने मात्र काहीच बदलायचं नाही, तेच दा-रा चालू ठेवायचं. ठेका दुप्पट होतो त्या क्षणी बहुतेकांचा हात पुढे पळतो. फोनवर रेकॉर्ड करा आणि तेवढीच जागा पुन्हा पुन्हा ऐका. चौथ्या फ्रेटवरचा ग पळाला असेल तर 60 वर परत या.