भविष्यवाणी खोटी ठरली असे म्हणण्याआधी या चुका टाळा

बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २६व्या अध्यायात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर सोर (टायर) नगरावर चालून येईल, त्याचे तट पाडले जातील, संपत्ती लुटली जाईल आणि ते नगर पुन्हा कधी बांधले जाणार नाही, असे देवाच्या नावाने सांगितले आहे. प्रत्यक्षात वेढा सुमारे १३ वर्षे चालला, तरी बेटावरच्या मुख्य नगराची लूट त्याला मिळाली नाही; पुढे प्रेषित पौल याच सोर येथे सात दिवस राहिला आणि आजही हे शहर लेबनॉनच्या किनाऱ्यावर नांदते आहे. हे कळल्यावर कोणी पुस्तकच मिटतो, तर कोणी हाताला लागेल ते उत्तर पुढे करून बचावाला उभा राहतो. दोघांचीही घाईच होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तोच ग्रंथ पुढे न वाचणे. २९व्या अध्यायाच्या १७व्या वचनापासून, इ.स.पू. ५७१च्या सुमाराच्या संदेशात, यहेज्केल स्वतःच सांगतो की सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटून निघाले, पण सोर नगराकडून राजाला वा त्याच्या सैन्याला काहीच मजुरी मिळाली नाही, म्हणून आता त्याला मिसर (इजिप्त) देश दिला जाईल. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांना अडचण आपल्याआधी ठाऊक होती, तरीही त्यांनी २६वा अध्याय खोडला नाही किंवा सावरून लिहिला नाही. आपला विचार या प्रामाणिकपणापासून सुरू व्हायला हवा.

त्याऐवजी बहुतेक वेळा अलेक्झांडरला बोलावले जाते. इ.स.पू. ३३२ मध्ये त्याने किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचे दगडमाती समुद्रात टाकून बेटापर्यंत रस्ता बांधला आणि सात महिन्यांत नगर घेतले. २६व्या अध्यायात ‘अनेक राष्ट्रे’ लाटांसारखी येतील असे म्हटले आहे आणि १२व्या वचनात ‘तो’ जाऊन ‘ते’ येते, त्यामुळे हे उत्तर अगदीच निराधार नाही. मात्र सातव्या वचनात नबुखद्नेस्सराचे नाव स्पष्ट आहे, आणि अलेक्झांडरनंतरही सोर पुन्हा उभे राहिले; म्हणून हा निर्विवाद पुरावा असल्याचे ठणकावून सांगणे टाळावे.

दुसरे टोक म्हणजे प्रत्येक ठिकाणी अट शोधणे. यिर्मया १८:७-१० मध्ये हे तत्त्व खरोखरच आहे: ज्या राष्ट्राविरुद्ध नाशाचा शब्द काढला ते वळले, तर देव अरिष्ट आवरतो. योना संदेष्ट्याने निनवे नगराला नाशाची चाळीस दिवसांची मुदत सांगितली होती, अट एकही सांगितली नव्हती. तरी नगर वाचले. मीखा संदेष्ट्याची यरुशलेमच्या नाशाविषयीची भविष्यवाणी हिज्कीया राजाच्या काळी टळली, हे पुढे यिर्मयाच्या खटल्यात वडीलजनांनी दाखला म्हणून सांगितले (यिर्मया २६). परंतु सोर नगराने पश्चात्ताप केला असे यहेज्केल कोठेही म्हणत नाही, आणि उत्पत्ति १५ मध्ये तर अब्राम गाढ झोपेत असताना धुमसती भट्टी व जळती मशाल तेवढीच कापलेल्या जनावरांच्या तुकड्यांमधून जाते, म्हणजे अब्रामाशी केलेल्या कराराचा भार देव एकटाच घेतो, तिथे अटच नाही. एका किल्लीने सगळी कुलुपे उघडत नाहीत.

युद्धकाव्याची अतिशयोक्ती शब्दशः मोजणे, ही चूकही नित्याची. यशया १३ मध्ये बाबेल पडताना तारे काळवंडतात, पण प्रत्यक्षात इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश (सायरस) याच्या सैन्याने ते नगर जवळजवळ शाबूत घेतले.

शेवटची चूक आपल्या घरातली आहे. ‘तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत’ हे यिर्मया २९:११ मधील वचन आपल्याकडे नववर्षाच्या कार्डांवर छापले जाते, आणि वर्षअखेरीस नोकरी मिळाली नाही की देवाने शब्द मोडला असे वाटते. हे वचन ज्या पत्रातले आहे ते बाबेलातील यहूदी बंदिवानांच्या समूहाला लिहिलेले आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांतील वयस्कांना हे आपल्या हयातीत घडणार नाही हे तेव्हाच कळले असणार. त्याच पत्रात त्यांना घरे बांधा, मळे लावा, असेही सांगितले आहे.