घड्याळ मागे जाण्याआधी: न्यू जर्सीतल्या दिवाळीची तयारी

यंदा, २०२६ मध्ये, सगळं नऊ दिवसांत आलं आहे. शनिवारी ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, त्याच रात्री दोन वाजता उन्हाळी वेळ संपून घड्याळ एक तास मागे, मंगळवारी ३ नोव्हेंबरला मतदान आणि रविवारी ८ तारखेला लक्ष्मीपूजन. म्हणून घड्याळाची कामं फराळाच्या आधी उरकून घ्या.

सुरुवात मुलांच्या झोपेपासून करा. घड्याळ मागे गेलं की रोज साडेसहाला उठणारं पोर साडेपाचलाच टक्क जागं होतं. बुधवारपासून रोज पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा झोपवलं तर रविवार बराच सोपा जातो. इकडे आलेल्या आई-बाबांच्या गोळ्यांचंही पाहा. इन्सुलिन किंवा ठरावीक अंतराने घ्यायचं औषध असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, परस्पर वेळ बदलू नका.

मग ऑफिसचं कॅलेंडर. भारताचं घड्याळ हलत नाही, त्यामुळे आपलं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहावर जातं. पुण्याच्या टीमने संध्याकाळी साडेसहाची मीटिंग तिकडच्या वेळेने लावली असेल, तर आपली नऊची मीटिंग आठला येऊन बसेल, ऐन शाळेच्या बसच्या वेळी. इकडच्या वेळेने लावली असेल तर पुण्याच्या मंडळींना साडेसातला बसावं लागेल. आधीच बोलून ठरवा, आणि शक्य असेल तिथे इकडच्यांनीच लवकर बसावं. दिवाळीच्या संध्याकाळी त्यांना घरी जाऊ द्यायला हवं. लंडनची माणसंही मीटिंगमध्ये असतील तर आणखी सांभाळा: तिथलं घड्याळ २५ ऑक्टोबरलाच मागे जातं, म्हणून मधला आठवडाभर अंतर पाचाऐवजी चारच तासांचं असतं.

आईला सकाळी साडेआठला फोन करायची सवय असेल, तर आता तिकडे सहा नव्हे, सात वाजलेले असतील. तिला आधी कळवा, नाहीतर ती तासभर वाट पाहत बसते. भाऊबीज तिकडे बुधवारी ११ तारखेला आहे. सकाळी साडेसातला व्हिडिओवर ओवाळलंत तर भावाकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील.

पूजेच्या वेळेबद्दल कळकळीने सांगते: पुण्याचा मुहूर्त घेऊन त्यातून तास वजा करू नका. तिथी लागण्याचा क्षण जगभर एकच असतो, पण प्रदोषकाळ आपल्या गावच्या सूर्यास्तावर ठरतो. ८ तारखेला एडिसनच्या आसपास सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळेल. पाहुण्यांना सहाला बोलावलंत तर घाई होऊ शकते, चारला बोलवा. अभ्यंगस्नानाची पहाट तर इकडे तिकडच्यापेक्षा वेगळ्या तारखेलाही येऊ शकते. आपल्या शहराचं पंचांग उघडा आणि त्यात नवी वेळ धरली आहे ना, तेही बघा.

फोन आपोआप बदलतो. ओव्हन, गाडी, भिंतीवरचं घड्याळ आणि आकाशकंदिलाचा टायमर हाताने बदलावा लागतो. त्याच फेरीत धुराच्या अलार्मच्या बॅटऱ्या तपासा. पणत्या आणि तळण असलेल्या आठवड्यात हे टाळू नका. रविवारी सकाळी मराठी शाळा असेल तर पालकांच्या ग्रुपवर शनिवारीच निरोप टाका.

ऑफिसातून परतताना आता अंधार असेल. नोव्हेंबरात हरणं रस्त्यावर फार येतात, म्हणून झाडीच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा.

हा खटाटोप मला मनापासून नकोसा वाटतो. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई घड्याळ हलवत नाहीत, आणि तिथलं काही अडलेलं नाही. २०२२ मध्ये सिनेटने उन्हाळी वेळ कायम ठेवण्याचं विधेयक मंजूर केलं, पण ते पुढे सरकलं नाही. कोणतीही एकच वेळ ठेवा, एवढंच आपल्या खासदाराला लिहा. मतदानाचा आठवडा त्यासाठी चांगला आहे. आणि लगे हात १४ मार्च २०२७ ही तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा, त्या दिवशी घड्याळ पुन्हा पुढे जाईल.